सेकंदाला एक आवाज

आमच्या अब्बांचं जुन्नरात गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. ते म्हणायचे, "बॅटरी उपाशी मारायची नाय, पण उधळायची बी नाय." मला हे शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं. माझ्या साहेबांना रिटायर होईपर्यंत कळणार नाही.

डिंभ्याच्या धरणात गाळ मोजायचं काम आमच्या ऑफिसकडं आलं. यंत्र पाण्यात तळाच्या जरा वर टांगायचं. ते खाली आवाज सोडतं आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून तळ किती लांब ते सांगतं. गाळ साठला की तळ वर येतो. पण दर आवाजाला बॅटरी खर्ची पडते. तासाला एक ठेवला तर पावसाळा निघतो, सारखा ठेवला तर आठवड्यात खेळ खलास.

हे सगळं चाललं होतं एका मच्छीमार मामांमुळं. ते पलीकडच्या वाडीत राहायचे. आदल्या वर्षी त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या, दवाखान्यात आणताना होडी अलीकडच्या काठाला गाळात रुतली. पोर होडीतच जन्मलं आणि होडीतच गेलं. होड्या लागायची जागा हलवा, म्हणून मामा दारोदार हिंडले. वरचे म्हणाले, तिथं धरणाला मिळणाऱ्या ओढ्यानं गाळ येतो याचा पुरावा पाहिजे. आता सून परत पोटुशी होती.

उद्घाटन ठरलं. आपल्याकडं बोअरला मोटर टाकली तरी नारळ फुटतो, इथं तर पाहुणे होते! त्यांना लॅपटॉपवर रेघ नाचताना दिसावी म्हणून साहेबांनी सेकंदाला एक आवाज लावला. फोटो झाले, पेढे झाले. मी म्हटलं, "साहेब, आता तासावर आणा."

"राहू दे रे. परवा मोठे साहेब यायचेत. त्यांना काय बंद पडदा दाखवू?"

आवाज तासावर आणायचा तर लॅपटॉप लागतो, तो घेऊनच ते पुण्याला गेले. मोठे साहेब आलेच नाहीत. मी रोज फोन लावायचो, ते "बघतो" म्हणायचे. काय बघतो, डोंबल!

मग भीमाशंकरच्या डोंगरात लई पाऊस झाला आणि ओढ्याला तांबडा लोंढा आला. यंत्र तेव्हा मरून पडलं होतं. ओढा ओसरल्यावर साहेब नवी बॅटरी घेऊन हजर, वरातीमागून घोडं! बॅटरी घालायला यंत्र वर काढलं, परत टांगताना त्याची उंची बदलली, म्हणून आधीचं आणि नंतरचं माप ताडून बघता येईना.

अहवालात त्यांनी लिहिलं, नोंदींच्या काळात गाळाची वाढ आढळली नाही. त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. जागा काही हलली नाही.

मामांना सांगायला मलाच धाडलं.

"लोंढा समद्या वाडीनं बघितला, राव. मशीननं न्हाई बघितला?"

"बॅटरी संपली होती, मामा."

"कशानं?"

मी उद्घाटनाचं सांगितलं. सून दारात उभी राहून ऐकत होती. मामा जाळ्याची गाठ सोडवत बसले होते, त्यांचा हात थांबला.

"त्यो नारळ मीच आणला व्हता," ते म्हणाले. "म्हनलं, येणाऱ्या नातवाच्या नावानं फुटू दे."