कावळ्याची घळ आणि पहिला वाडगा

रात्रभर वारा घोंघावला होता, आणि मातुरीनची लेक नोएली सकाळीच वाटाड्या म्हणून स्कीची गिऱ्हाइकं घेऊन कावळ्याच्या घळीकडे गेली होती. खाणावळीत सूप ढवळताना मातुरीनचा जीव टांगणीला लागला होता. पण वाटाड्याला असं कर, तसं करू नकोस, हे घरातून सांगायचं नाही, अशी आल्प्समधल्या ला ग्राव गावाची रीत.

या गावात आखून दिलेले उतार जवळजवळ नाहीतच. तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जायचं आणि आपल्या अकलेने उतरायचं. म्हणून इथले वाटाडे उताराला दोन प्रश्न विचारतात: किती अवघड आहे, आणि पडलो तर थांबणार कुठे? तरुणपणी मातुरीनला पहिलाच प्रश्न पुरे वाटायचा. स्कीवर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

तेव्हा तीही अशीच दोघांना घेऊन त्या घळीच्या तोंडाशी उभी होती. घळ उतरायला सोपी, पण खाली सरळ कडा. आदल्या दिवशी अर्धं गाव तिथून उतरलेलं. बर्फावर खुणा होत्या. ती निघणार तोच म्हातारा वाटाड्या फेरेओल वाटेतच बसला.

"काल माणसं उतरली. नंतर वाऱ्याने नवा बर्फ आणून टाकलाय, तो पायाखालून सुटला तर थेट कड्याखाली, त्याचं काय?"

"काका, गिऱ्हाइकांसमोर शोभा करू नका."

"मग जा माझ्या अंगावरून."

ती चरफडत माघारी फिरली. माघारी फिरलेल्या वाटाड्याला खाणावळीत सुपाचा पहिला वाडगा मिळतो आणि कारण कोणी विचारत नाही. तिला तो घोट गिळवेना. दुसऱ्या दिवशी तिघे त्याच घळीतून गाणी म्हणत खाली आले, तेव्हा ती फेरेओलला म्हणाली, "बघा, काही झालं नाही."

"काही होऊ नये म्हणूनच बसलो होतो," तो म्हणाला.

फेरेओलला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

दुपारी दार ढकलून नोएली आत आली. मागे तोंड फुगवलेली गिऱ्हाइकं. तिने हातमोजे बाकावर आपटले.

"परत फिरले. कदाचित काहीच झालं नसतं, आई."

"कदाचित," मातुरीन म्हणाली. तिने पहिला वाडगा काठोकाठ भरला. काका, तुमचे उपकार मी तेव्हा मानलेच नाहीत, असं तिच्या मनात आलं. लेकीपुढे वाडगा ठेवून ती समोर बसली आणि पोर जेवते आहे हे नुसतं बघत राहिली.