मुनीमजींचा होकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या पेढीवरच्या म्हाताऱ्या मुनीमजींची नोकरी माझ्या जिभेने घालवली.

हिशेबात चूक निघाली की मुनीमजी कान धरायचे. चूक कुणाचीही असो, कान स्वतःचा. मग म्हणायचे, "चूक बठ्ठास्नी व्हस, भाऊ. सांगी मोकळं व्हवानं." म्हणजे, चूक सगळ्यांचीच होते, सांगून मोकळं व्हायचं. माणूस धुळ्याकडच्या खेड्यातला. जळगावच्या कापूस बाजारात जन्म गेला, तरी कान धरला की गावची बोली तोंडी यायची. हमाल चिडवायचे, "मुनीमजी, कान लांब झाला की!"

"मंग दुसरा शे ना!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसलं की आपल्या चुकीची भीती वाटत नाही. मला मात्र वाटली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मुनीमजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मॅट्रिक झालेल्या मला शेठजींनी ठेवलं होतं. इन्कमटॅक्सचं पत्रक मी भरायचो. पेढीचा एक रिवाज होता. दिवाळीआधीचा एक चांगला सौदा राखून ठेवायचा आणि लक्ष्मीपूजनाला नव्या वहीत मुहूर्ताचा म्हणून पहिला मांडायचा, वहीची सुरुवात भरल्या हाताने व्हावी म्हणून. पण नफा जुन्याच वर्षाचा. पत्रक भरताना तो आठवणीने जुन्या हिशेबात धरावा लागे. मुनीमजींनी बजावलं होतं. मी हो म्हणालो आणि विसरलो.

पत्रक गेल्यावर एका दुपारी त्यांनी विचारलं, "मुहूर्ताचा सौदा धरला ना, भाऊ?" मी नक्कल काढून पाहिली; सौदा त्यात नव्हता. त्यांनी कान धरला.

इन्कमटॅक्सच्या साहेबाला जाऊन सांगू या, असं मुनीमजींनी म्हणताच शेठजी उखडले. "वाघाच्या गुहेत आपल्या पायानं कोण जातं, मुनीमजी? साहेबाला कुठं कळणार आहे?"

"त्यांनी शोधली तर चोरी, शेठजी. आपण सांगितली तर चूक. आकारणी व्हायच्या आत पत्रक सुधारून देता येतं."

"पण चूक केली कुणी?"

"पेढीनं," मुनीमजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही दोघं धुळ्याच्या कचेरीत गेलो. गाडीत त्यांनी आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी मला दिली. "घाबरू नको. तुझं इंग्रजी, माझं म्हातारपण. साहेब काय खातो का?"

साहेब दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. सुधारलेलं पत्रक पाहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हा सौदा वगळला कुणी?"

माझी नोकरी कच्ची होती, लग्न ठरलेलं होतं. मी इंग्रजीतच म्हणालो, "या मुनीमांनी. वय झालं, हल्ली विसरतात."

साहेब मुनीमजींकडे वळून इंग्रजीतच म्हणाले, "तुम्हीच विसरलात?"

"काय म्हणतात रे?"

"चूक झाली ना, असं विचारतात."

मुनीमजींनी कान धरला आणि मान डोलावली.

दंड झाला नाही. साहेबांनी शेठजींना एवढंच कळवलं, की हिशेब नीट ध्यानात राहील अशा माणसाकडे द्या.

शेठजींनी गादीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "मुनीमजी, तुम्हीच साहेबापुढं कबूल केलंत. आता घरी आराम करा."

मुनीमजी माझ्याकडे वळले. "मी काय कबूल केलं, भाऊ?"

मी दौतीत शाई भरत होतो. भरतच राहिलो.

त्यांनी पागोटं नीट केलं, हमालांना रामराम केला आणि पायऱ्या उतरले. पुढे कामानिमित्त धुळ्याला खूपदा गेलो. त्यांचं गाव तिथून बैलगाडीच्या वाटेवर. गेलो नाही. मग एका कापूसवाल्याकडून कळलं, ते वारले.

आज त्यांच्या जागेवर मी बसतो. बाजारात कधी आलात तर तुम्हीही मला मुनीमजी म्हणाल. विचारलं असतं, तर ती चूक त्यांनी हसत आपल्या अंगावर घेतली असती. मी विचारलं नाही. त्यांनी मात्र मला विचारलं होतं. ते उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.