पन्नासची लेन्स

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायचं धाडस करतोय ते बहुधा तुम्ही विलासला ओळखत नाही म्हणून.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. सातपूरला एका कारखान्यात लेथवर असतो. मी लग्नाचे फोटो काढतो — नाशकात बऱ्यापैकी नाव आहे. पण माझ्या भावाच्या हळदीत, मी जेवायला बसलो असताना, विलासने माझाच कॅमेरा उचलून आईचा एक फोटो काढला. आई हसतेय, तोंडाशी पदर धरलाय, बस. आमच्या घरात भिंतीवर तोच आहे. मी काढलेला एकही नाही. मला काय झालं असेल, सांगायला हवं का? जळलो मी.

पुढे तो स्वतःचा पहिला कॅमेरा घ्यायला निघाला. बजेट बेताचं, धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर. त्याने मलाच विचारलं — दुसऱ्या कुणाला विचारणार? मला उत्तर ठाऊक होतं. कॅमेऱ्याची बॉडी जुनी चालेल, वर पन्नास एमएमची छोटी लेन्स घे. स्वस्त असते, कमी उजेडातही फोटो न हलता लख्ख येतो. मी स्वतः तिच्यावरच शिकलो. आणि त्याला काय सांगितलं? बॉडी नवी कोरी घे, सोबत मिळते ती लेन्स पुरे, उरलेल्या पैशांत लांबची झूम घे. दुकानातही मीच सोबत गेलो. ती छोटी लेन्स काचेच्या कपाटात समोरच होती — मी तिला पाठीने झाकून उभा राहिलो.

लग्न घोटीला. हळदीच्या मांडवात दोन पिवळे बल्ब. त्याचे सगळे फोटो हललेले आले. मला दाखवत म्हणाला, "माझं काय चुकतंय रे?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, "हात थरथरतो तुझा."

त्याने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. लेथवर काम करणारे हात — ते थरथरत असते, तर कारखान्याने ठेवलं असतं का त्याला? हे त्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं. पुढे वहिनींकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून कळलं, तो हात दाखवायला डॉक्टरकडेही जाऊन आला. कॅमेरा कपाटात गेला. खंडेनवमीला तेवढा बाहेर येतो. पान्यांच्या शेजारी मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो, परत ठेवून देतो.

परवा त्याची मुलगी, पूर्वा, घरी आली. तिला फोटो काढायला शिकायचंय. म्हणाली, "काका, नवा कॅमेरा परवडणार नाही. बाबांचाच वापरते. त्याला कुठली लेन्स घेऊ?"

पन्नासची सांगितली, तर ही पोरगी घरी जाऊन दिव्याच्या उजेडात पहिला फोटो काढणार तो बापाचाच. विलास तो बघणार. आणि त्याला कळणार, की त्याचे हात कधी थरथरतच नव्हते.

मी तिला म्हणालो, तो कॅमेरा आता कामाचा राहिला नाही, पैसे साठव आणि नवाच घे.

ती बरं म्हणाली, चहा घेऊन गेली. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही.