पाठीवरची जागा

माझ्या पाठीच्या मधोमध तळहाताएवढी एक जागा आहे. तिथं गेली चाळीस वर्षं तेल पोचलेलं नाही. रोज पहाटे उठतो, अंगाला तेल चोळतो. खांद्यावरून हात घालून बघितला, कमरेकडून घालून बघितला, तरी ती जागा राहते ती राहतेच. साठी उलटल्यावर तर हात आणखीच आखडला आहे.

तालमीत असताना ही अडचण नव्हती. निजामाचं राज्य होतं. आमची तालीम बीडला नदीकाठी होती आणि वस्ताद फळं विकायचे. सीताफळाच्या दिवसांत त्यांच्या अंगाला सीताफळाचाच वास यायचा. माझे वडील कचेरीत कारकून होते. राग माझ्या नाकावर असायचा. शेजाऱ्याच्या पोराचं डोकं फोडलं तेव्हा वडिलांनी मला हाताला धरून वस्तादांपुढं उभं केलं आणि म्हणाले, "याला बडवा न्हाईतर घडवा, घरात ठिवता येत न्हाई."

वस्तादांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. हातात फावडं दिलं आणि आखाडा खणायला लावला. पहिले तीन महिने मी फक्त माती खणली. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, ढेकळं फोडायची. दुपारपर्यंत भांडायला अंगात जीवच उरायचा नाही. सांजेला लवकर जेवायचं, लवकर निजायचं, रस्त्यात कुणी शिवी दिली तर हात जोडून पुढं जायचं. बाजारात एकानं मला खरंच आईवरून शिवी दिली आणि मी खरंच हात जोडले. घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा आई माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली.

माझा जोडीदार होता माजलगावकडचा, लोहाराघरचा. मामाकडं राहून तो तालमीत यायचा. पाच वर्षं रोज आम्ही एकमेकांना धरलं. कुस्तीआधी तेल आणि कुस्ती संपली की माती जोडीदारानं जोडीदाराच्या पाठीला लावायची, जिथं आपला हात जात नाही तिथं. त्याचा हात खरबरीत होता. माती लावताना तो निम्म्या वेळा शिव्याच द्यायचा, "लई वाढला बे, एवढी पाठ कुठं पुरायची."

एकदा सरावात त्याचा डावा गुडघा सरकला. वस्तादांना कळलं तर ते जत्रेला जाऊ देणार नाहीत, म्हणून त्यानं ते लपवलं. फक्त मला सांगितलं. महिनाभर बाकीचे यायच्या आधी मी तो गुडघा चोळत होतो. तो कुठं दुखतो, किती वाकतो, कुठल्या कोनात जोर सहन करत नाही, हे त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक झालं होतं.

तालमीचा एक दंडक होता. एका मातीतल्या दोघांनी जत्रेत एकमेकांशी लढायचं नाही. एकमेकांच्या अंगाचं जे कळलेलं असतं ते मातीत ठेवायचं, मैदानात न्यायचं नाही.

त्या वर्षी धर्मापुरीच्या जत्रेला वस्ताद तापामुळं आले नाहीत. जुन्या देवळापलीकडं मैदान होतं. जोडीदारानं दोन कुस्त्या मारल्या. माझ्याशी ठरलेला पैलवान आलाच नाही. मी लंगोट कसून बसून राहिलो आणि लोक जोडीदाराचंच नाव घेत राहिले. मागं कुणीतरी हसून म्हणालं, "ह्यो निस्ता दूध प्यायला आलाय. खरा गडी त्यो लोहार हाय."

एवढंच. पाच वर्षं खणलेली माती एका वाक्यात वाया गेली. मी उठलो, मैदानात गेलो आणि त्याच्यापुढं हात केला.

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "कावून बे? आपुन एका मातीतले हाव."

मी म्हणालो, "भ्यालास का?"

हे पंचांनीही ऐकलं. मग त्याला हात द्यावाच लागला.

तो माझ्यापेक्षा भारी होता, हे मला तिथंही कळत होतं. त्यानं मला खाली घेतलं होतं, थोड्याच वेळात माझी पाठ लागली असती. तेवढ्यात त्याचा डावा पाय वाकून माझ्या अंगाला टेकला. मी वळलो आणि सगळं वजन त्या कोनात टाकलं. चुकून नाही. मला तो कोन ठाऊक होता.

आवाज मला ऐकू आला. तो ओरडला नाही. त्याला उचलून नेताना पंचांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाय घसरला." माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी तालमीत गेलो. वस्ताद बरे होऊन बसले होते. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "खण." मी खणलं. मग लढायला उभा राहिलो आणि ज्याच्या ज्याच्यापुढं हात केला, तो तो बाजूला जाऊन बैठका मारू लागला. असं आठ दिवस चाललं. शेवटी मी वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "मी कुणाला न्हाई म्हनलो न्हाई, बेटा. हात ज्याचा त्यानं द्यायचा असतो."

सहा महिने मी एकट्यानंच जोर-बैठका काढल्या. एकट्याला सगळं करता येतं, फक्त कुस्ती येत नाही. मग जाणं बंद केलं.

सवयी मात्र राहिल्या. पहाटे उठणं, कमी खाणं, शिवी गिळणं. कचेरीत चिकटलो, तिथं लोक म्हणायचे, काय शांत माणूस. मला माझ्याच हातांची भीती वाटते, हे त्यांना काय सांगणार? कुणाच्या घरचं दुखणंखुपणं कानावर आलं तरी मी उठून जायचो. कुणाची दुखरी जागा मला कळायला नको होती. अशानं माणसं उरत नाहीत, आणि माझ्याजवळ उरली नाहीत. लग्नानंतर बायको एकदा म्हणाली, "द्या, पाठीला मी लावते." मी तिच्यावर खेकसलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त माजलगावला गेलो, तेव्हा त्याचं गाव गाठलं. पिशवीत तेलाची बाटली घेतली होती. खरं काय ते त्याच्यापुढं बोलायचं, वाटेत मी शंभरदा घोकलं होतं. तो ऐरणीशी बसला होता, डावा पाय लाकडासारखा पुढं सोडून. मला बघून म्हणाला, "या साहेब, बसा." त्याच्या बायकोनं पाणी आणलं. तिला म्हणाला, "हे आमच्या तालमीतले. जत्रंत माझा पाय घसरला, तवा हेच समोर व्हते."

बायकोलासुद्धा त्यानं तेच सांगितलं होतं. घोकलेलं सोडून मी बाटली काढली आणि विचारलं, "गुडघ्याला लावू का?"

"राहू द्या. ही लावती रोज."

भात्याचा आवाज चालू होता. मग त्यानंच विचारलं, "तुमच्या पाठीला आता कोन लावतं?"

"घरचे लावतात," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि लोखंड उलटं केलं. मी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.