एक तृतीयांश अंतर

सरांच्या खिशाला पेन कधी दिसलं नाही. तिथं स्टीलची पट्टी असायची. वर्गात आले की ती टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढायची, अंगठ्यानं दाबायची आणि टर्रकन सोडायची. सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचं नाव पट्टीसरच पडलं होतं.

त्यांचं संशोधनही पट्टीवरच, पण केसाहून बारीक पट्टीवर. खाली धातूचा थर, मध्ये जराशी पोकळी, वर पट्टी. वीज दिली की पट्टी खाली ओढली जाते. ती किती वाकेल, कधी टेकेल, याचं गणित सर मांडत. म्हणायचे, "पोकळीच्या एक तृतीयांश अंतरापर्यंत ती दम धरते. त्यापुढं सावरत नाही, झडपच घालते. आणि एकदा चिकटली की वीज काढली तरी पुष्कळदा सुटत नाही."

मी वैरागचा. घरातला पहिला ग्रॅज्युएट, आणि हे मी छाती काढून सांगतो. मला कॉलेजात आणलं सरांनीच. खाजगी कॉलेजच्या मास्तरांना उन्हाळ्यात गावोगाव हिंडून ॲडमिशन आणाव्या लागतात, तसे ते आमच्या ओट्यावर आले होते. कॉलेजची तारीफ केली नाही, पट्टी वाजवून दाखवली. वडिलांनी विचारलं, "नोकरी लागंल का ह्याला?" सर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. शिकवीन मात्र नीट." ते गेल्यावर वडील म्हणाले, "येडा हाय, पर खोटं बोलत न्हाय. जा."

शेवटच्या वर्षी मी त्यांच्याच हाताखाली प्रोजेक्ट केला. गणित पुरं झालं होतं, ते खऱ्या पट्टीवर तपासायचं राहिलं होतं. बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं आठवडाभर यंत्र देऊ केलं, पण ऐन मे महिन्यात. सर रजा मागायला गेले तेव्हा मी दारातच होतो. प्राचार्य म्हणाले, "आणि सीटा कोण भरणार? तुमची न दिसणारी पट्टी?"

सर "बरं" म्हणून बाहेर आले. मी चिडलो, न सांगता जाऊ म्हणालो. ते हसले. "अजून एक तृतीयांशाच्या आत आहे रे मी." आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा मोटरसायकलला बांधून होटगीकडं गेले.

पुढच्या वर्षी तेच गणित दुसऱ्यांनी तपासून छापलं. मी मोबाइलवर दाखवलं. सरांनी उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. "बरोबर आहे त्यांचं. जुळलंय," एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आज मी बंगळुरूत याच बारीक पट्ट्यांवर पोट भरतो. यंदा मे महिन्यात गावी आलो, तर शेजारच्या ओट्यावर सर. खिशाला पेन, मांडीवर माहितीपत्रकं. शेजाऱ्यानं तेच विचारलं, "सर, पोरीला नोकरी लागंल का?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "लागणारच की. शंभर टक्के."

माझे वडील तिथंच बसले होते. ते उठून घरात गेले.