टेंभी नाक्यावरचा चुकांचा वर्ग

एखाद्या हॉस्पिटलवाल्याला चहाला बोलवा आणि तुम्ही फक्त गप्प बसा. कप अर्धा व्हायच्या आत पहिला किस्सा येतो, आणि मग गाडी थांबत नाही. बरं, हे किस्से आम्ही कुठे लिहून ठेवत नाही. रजिस्टरं मात्र ढीगभर लिहितो, आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. खोटं म्हणजे कसं, ते येईलच पुढे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. ठाण्याच्या कारखान्यांत तेव्हा क्वालिटी सर्कलचं वेड आलेलं. कामगारांनीच एकत्र बसायचं आणि आपल्या कामात कुठे काय चुकतं ते शोधायचं. कारखानीस बाई म्हणजे निवृत्त मेट्रन, आणि त्यांचा भाऊ अशाच एका पंख्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याचं ऐकून बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. "पंख्याचं पातं चार वेळा तपासतात आणि पेशंटला टोचायची सुई एकदाही नाही? असं का?" झालं! टेंभी नाक्याजवळ एका वाचनालयाच्या वरचा हॉल त्यांनी मिळवला आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या छोट्या हॉस्पिटलांतल्या लोकांसाठी दर शनिवारी दुपारी वर्ग सुरू केला. वर्षभर यायचं, शेवटी परीक्षा, पास झालात तर सर्टिफिकेट. नवरात्रात मात्र शनिवारी सुट्टी, कारण खालच्या लाऊडस्पीकरपुढे बाईंचाही आवाज पोचत नसे.

आम्ही बहुतेक जण साहेबांनी पाठवलं म्हणून आलेलो. पास झालो काय, नापास झालो काय, नोकरी जाणार नव्हती. खरं अडलेलं फक्त मंदाताईंचं.

मंदा म्हात्रे, शीळफाट्याजवळच्या गावातल्या. कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागल्या आणि बघून बघून पंधरा वर्षांत सगळं शिकल्या. शिक्षण सातवी. नर्सिंग होम नव्या मालकाकडे गेलं आणि त्याने सांगितलं, वर्षअखेरपर्यंत कुठलंतरी सर्टिफिकेट आणा, नाहीतर येऊ नका. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर यांच्यावर. पहिल्याच दिवशी त्या माझ्या शेजारी बसल्या, हातातल्या पेनाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, मना लिवाचं सोडून काय पन सांगा."

* * *

पहिला बळी मीच.

लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटच्या रक्ताआधी एक ठरलेलं सॅम्पल मशीनला द्यायचं असतं. त्यातली साखर आपल्याला आधीच माहीत असते. मशीन काय आकडा दाखवतं त्याचा ठिपका आलेखाच्या कागदावर काढायचा. ठिपका भरकटला तर मशीन बिघडलं असं समजायचं. मी महिनाभराचा आलेख मोठ्या ऐटीत वर्गात नेला. तीस ठिपके, एका ओळीत. एकही वर नाही, खाली नाही.

बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. चष्मा वर केला, खाली केला. "मोरे, ही रेघ मशीनने काढली की पट्टीने?"

मी म्हटलं, "बाई, आमचं मशीन इंपोर्टेड आहे."

"असेल हो. पण इतकी सरळ रेघ एकाच पेशंटची येते, आणि त्याला तुमच्या लॅबची गरज उरलेली नसते."

सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, दुसरं काय करणार? पण खरं सांगतो, सोमवारी पहिल्यांदा मी ते सॅम्पल मनापासून चालवलं. ठिपका इकडे, तिकडे, कुठच्या कुठे! मला इतकी मजा वाटायला लागली की मी रोज अर्धा तास आधी जायला लागलो. पाऊस पडला की आकडा का हलतो, दुपारी का चढतो. तीन वर्षं त्या मशीनशेजारी बसत होतो आणि त्याचा स्वभाव मला माहीत नव्हता.

* * *

डिसोझा सिस्टर डोंबिवलीच्या एका मॅटर्निटी होममधल्या. गोड बाई. त्यांच्याकडे लसींचा फ्रीज, आणि त्याचं तापमान दिवसातून दोनदा रजिस्टरमध्ये लिहायचं. त्यांनी रजिस्टर आणलं. चार डिग्री, चार डिग्री, चार डिग्री. अक्षर मोत्यासारखं.

बाईंनी विचारलं, "डोंबिवलीत शुक्रवारी तुमच्याकडे दिवसभर लाईट नसतात ना?"

"हो ना बाई, फार त्रास होतो. पंखा नाही, पाणी नाही."

"मग दर शुक्रवारी फ्रीज कशावर चालतो?"

डिसोझा सिस्टरनी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाल्या, "सवयीवर, बाई."

बाईंना पण हसू आवरेना. मग पान उलटता उलटता त्या थांबल्या. घड्याळात अडीच वाजलेले आणि रजिस्टरमध्ये आजचं संध्याकाळचं तापमान सुद्धा भरलेलं.

"हे कसं काय?"

"संध्याकाळी मी इथे क्लासला असते ना, म्हणून सकाळीच भरून आले. रजिस्टर अर्धवट राहिलेलं तुम्हाला आवडत नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी नवं रजिस्टर आणलं. त्यात शुक्रवारपुढे चौदा लिहिलेलं. बाईंनी ते पान सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि सिस्टरना स्वतःच्या डब्यातला नारळी भात खायला दिला.

* * *

आता लेले डॉक्टरांचं. ठाण्यातले सर्जन, हात चांगला, तोंड फटकळ. बाईंनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलेलं. आल्या आल्या म्हणाले, "या वयात लोकांना हात धुवायला शिकवताय?"

बाई म्हणाल्या, "शिकवत नाही हो, बघतेय फक्त. तुम्ही पण या ना."

बाईंनी कपड्याची नीळ घट्ट कालवलेली. चौघांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले, हातांना नीळ चोळली आणि सांगितलं, रोज धुता तसे धुवा. धुऊन झालं की रुमाल सोडायचा. जिथे निळं राहिलं तिथे तुमचा हात रोजच पोचत नाही.

लेले डॉक्टरांचे दोन्ही अंगठे निळे. पार मुळापर्यंत. माझी बोटांची बेचकी निळी. डिसोझा सिस्टरची नखं निळी. मंदाताईंचे हात कोपरापर्यंत स्वच्छ, नखांतसुद्धा कण नाही.

डॉक्टर बघतच राहिले. "तुम्ही कुठे शिकलात हो?"

मंदाताई लाजल्या. "घरीच. म्हावरं साफ केल्यावर हात असंच धुवाचं लागतान. नायतर आमची सासू भाकरी थापू देत नाय."

डॉक्टर सोमवारी ओपीडीत निळे अंगठे घेऊन बसले, कारण नीळ काही लवकर जात नाही. पेशंट विचारायचे, "डॉक्टर, मतदान केलंत?" पण माणूस मोठा. पुढच्या शनिवारी न बोलवता आले आणि मंदाताईंच्या समोर उभं राहून म्हणाले, "परत एकदा दाखवा, सावकाश."

* * *

मंदाताईंच्या नर्सिंग होममध्ये सहा नंबरची कॉट अपशकुनी मानायचे. त्या कॉटवरचे पेशंट पडायचे. डोकं फुटलं नाही कुणाचं, पण महिन्याला एक तरी खाली. नव्या मालकाने नारळ फोडला, लिंबू टांगलं, कॉटची दिशा बदलली. काही उपयोग नाही.

बाईंना ही बातमी म्हणजे मेजवानी. "असं का होत असेल?" म्हणून त्यांनी मला थेट कल्याणला पाठवलं. मी वही घेऊन गेलो, टेपने अंतरं मोजली, पेशंटांना प्रश्न विचारले. दोन तास गेले. मग मी स्वतःच त्या कॉटवर आडवा झालो आणि सिस्टरला बोलवायची घंटी दाबायला हात लांब केला. हात पोचेना. घंटी शेजारच्या भिंतीवर. पेशंट घंटीसाठी वाकायचा आणि धप्पकन खाली!

मी धावत मंदाताईंकडे गेलो. त्या शांतपणे पट्ट्या घडी करत होत्या. म्हणाल्या, "ता मना ठावं हाय. मी दोरी बांधते घंटीला. माजी सुट्टी आसली का कोनी तरी सोडून ठेवतं. काल सुट्टी व्हती, आज आजून बांधाची हाय."

"अहो, मग मालकांना सांगितलं का नाहीत?"

"कोनी इचारलंच नाय."

मी त्या दिवशी परत येताना बराच वेळ याच वाक्यावर विचार करत होतो. माझ्या वहीत आठ पानं भरलेली, आणि उत्तर त्यांच्या दोरीच्या गाठीत होतं.

* * *

पण परीक्षा लेखी होती ना! तिथे दोरीची गाठ कोण बघतो?

शेवटचे दोन महिने मी आणि मंदाताई वर्गाआधी तासभर हॉलवर बसायचो. मी प्रश्न विचारायचो, त्या तोंडी असं फर्डं उत्तर द्यायच्या की मला नवीन काहीतरी कळायचं. मग म्हणायचो, "हेच लिहा." की झालं. पेन धरल्यावर त्यांच्या कपाळाला घाम यायचा. सराव परीक्षेत वीसपैकी दोन मार्क मिळाले. त्यातला एक नाव बरोबर लिहिल्याचा, असं त्याच म्हणाल्या आणि हसल्या. मग डोळे पुसले. "भाऊ, जानेवारीन मी घरी बसले तर पोरींच्या शालेचं काय?" मी चहा मागवला.

* * *

परीक्षेला मुंबईहून एक परीक्षक आले. सफारी, जाड फ्रेम, हसणं वर्ज्य. त्यांनी आणि बाईंनी मिळून हॉलच्या बाजूच्या खोलीत एक खोटा वॉर्ड मांडला. कॉट, सलाईन, औषधांची ट्रॉली, आणि कॉटवर पेशंट म्हणून वाचनालयाचे वॉचमन शिर्केमामा. सत्तरीचे. त्यांना फक्त पडून राहायचं काम, त्यामुळे खूश.

खोलीत मुद्दाम दहा चुका पेरलेल्या. बाटलीला लेबल नाही, वापरलेली सुई ट्रेमध्ये उघडी, जमिनीवर पाणी सांडलेलं, मनगटावरच्या पट्टीवर भलतंच नाव, कॉटची आडवी दांडी खाली आणि मामा अगदी कडेला, असं सगळं. एकेकाने आत जायचं, दहा मिनिटांत दिसतील तेवढ्या चुका कागदावर लिहायच्या आणि कागद टेबलावर ठेवून बाहेर यायचं.

चिठ्ठ्या टाकून नंबर लागले. सहा जण जाऊन आले. कुणाला सात सापडल्या, कुणाला आठ. डिसोझा सिस्टर नऊ लिहून आल्या आणि नाचायच्या बाकी होत्या. सातव्या मंदाताई. पूर्ण दहा मिनिटं लावली. बाहेर आल्या तेव्हा पदराने हात पुसत होत्या, माझ्याकडे बघितलं नाही, कोपऱ्यात जाऊन बसल्या.

आठवा मी. आत गेलो. एक चूक दिसेना! बाटलीला लेबल. सुई डब्यात. जमीन कोरडी. पट्टीवर नाव बरोबर. मामा कॉटच्या मधोमध, दांडी वर, अंगावर चादर, घोरतायत. मी कॉटखाली वाकलो, ट्रॉलीच्या मागे बघितलं. वर्षभर शिकून मला काहीच दिसत नाही म्हणजे काय? शेवटी "पंख्यावर धूळ" एवढं लिहून कागद हातात घेऊनच बाहेर आलो.

परीक्षकांनी माझा कागद वाचला. "खोलीत दहा चुका आहेत. तुम्हाला धूळ दिसली?"

"सर, तुम्हीच या बघायला."

ते आत गेले, मागून बाई, मागून आम्ही सगळे. परीक्षक हातातली यादी घेऊन कॉटभोवती दोनदा फिरले. मग वळले. "इथल्या चुका कुणी काढल्या?"

मंदाताई दारात उभ्या होत्या. "मी."

परीक्षकांनी टेबलावरचा त्यांचा कागद उचलला. वर नाव, खाली काही नाही. "बाई, तुम्हाला चुका लिहायला सांगितलेल्या. काढायला नाही."

"व्हय सायेब. पन मामा पार कडंला आलंतं. मी लिवत बसले आसते नि ते पडलं आसतं तर?"

तेवढ्यात शिर्केमामांनी एक डोळा उघडला.

"साहेब, यांच्या आधी सहा जण आले. सगळ्यांनी माझ्याकडे वाकून बघितलं आणि लिहून घेतलं. दांडी कुणीच वर केली नाही."

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. मंदाताईंच्या कोऱ्या कागदावर पास लिहून खाली सही केली. मग आमचे सगळ्यांचे भरलेले कागद एकावर एक नीट रचले आणि कारखानीस बाईंच्या हातात दिले.

"यांना परत बसवा," ते म्हणाले.