उकडलेला बटाटा

आज वड्यांसाठी बटाटे उकडले आणि त्या मातकट वाफेत कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. परासरणाच्या प्रयोगासाठी सरांनी घरून बटाटा आणायला सांगितला होता. मी डबा उघडला आणि सगळ्या मुली हसल्या. आईनं बटाटा उकडून, सोलून दिला होता. “कच्चा कसा न्यायचा गं कालिजात? मऊ करून दिलाय की,” असं सकाळी म्हणालीही होती.

मी डबा लपवायला गेले, तर सर म्हणाले, “टाकू नकोस. शेजारी ठेव.”

शेजारणीचा कच्चा आणि माझा उकडलेला, दोन्ही कोरून आम्ही वाट्या केल्या. त्यांत साखरेचा घट्ट पाक घालून त्या साध्या पाण्याच्या बशीत ठेवल्या. दुपारपर्यंत कच्च्या वाटीतला पाक चढत काठाला आला. माझ्या वाटीत काहीच चढलं नाही.

“कच्च्यातल्या पेशी जिवंत आहेत. त्यांचा पडदा पाण्याला आत घेतो, साखरेला अडवतो. उकडला की तो पडदाच मोडतो,” सर म्हणाले. “हा बटाटा नसता तर हे दिसलं असतं का?”

संध्याकाळी आईनं दारातच विचारलं, “जमलं न्हवं?”

“तुझ्या बटाट्यामुळंच जमलं.”

तिला बरं वाटावं म्हणून बोलले होते. पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर मीही टेबलावर एक उकडलेला बटाटा ठेवू लागले, तेव्हा कळलं की ते अगदी खरं होतं.

आई मात्र त्याच दिवशी खुलली होती. “मग फुडच्या खेपंला काय उकडून देऊ?”

पुढचा प्रयोग बेडकाचा होता.